घड्याळाची काच आणि तारखेचं भिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनंतर आता मी बसतो. दुकानात आणि फोनवर, हिंगोलीपासून बीडपर्यंतच्या लोकांचे सगळ्यांत जास्त प्रश्न काचेबद्दल असतात. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी लिहिले आहेत. वडील एक गोष्ट रोज सांगायचे: काच दुसरी मिळते, डायल मिळत नाही. खालची बरीच उत्तरं त्याच काळजीपोटी दिलेली आहेत.

१. काच तडकली आहे, पण घड्याळ चालू आहे. महिनाभर असंच वापरलं तर काय बिघडेल?

बरंच बिघडेल. आपल्याकडची काळ्या रानाची धूळ पिठासारखी बारीक असते. ती फटीतून उतरते, काट्यांच्या बुडाशी जाते आणि मशीनच्या तेलात कालवली जाते. मग तेल चिकट होतं आणि घड्याळ मागे पडायला लागतं. उन्हाळ्यात घाम आत गेला की डायलवर तपकिरी डाग पडतात, ते निघत नाहीत. काच बदलायचं काम अर्ध्या तासाचं, पण नंतर मशीन खोलून धुवायची वेळ आली तर खर्च कितीतरी वाढतो. दुकानात येईपर्यंत काचेवर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि घड्याळ हातातून काढून ठेवा.

२. काच फुटून तुकडे आत पडलेत. घरी काय करू?

घड्याळ डायल वर करून सपाट ठेवा आणि हलवू नका. सेलचं असेल तर चावी (कडेची काटे फिरवायची गुंडी) अलगद बाहेर ओढा म्हणजे काटे थांबतील, पण ती फिरवू नका. चावीच्या घड्याळाला चावी देऊ नका. काट्याखाली अडकलेला काचेचा कण काटा फिरेल तसा डायलवर गोल ओरखडा काढत जातो. असे ओरखडे मी इतके पाहिलेत की घड्याळ हातात घेण्याआधी ‘काटे फिरवले का?’ हेच विचारतो.

तोंडाने फुंकर मारू नका. थुंकीचा बारीक शिंतोडासुद्धा डायलच्या रंगावर कायमचा ठिपका सोडतो. कापसात गुंडाळू नका, त्याचे तंतू काट्यांना अडकतात. छोट्या डबीत, कागदाच्या घडीवर, डायल वरच ठेवून घेऊन या.

३. माझ्या घड्याळाला कोणती काच आहे, ते कसं ओळखायचं?

मनगटी घड्याळांना तीन प्रकारच्या काचा येतात. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकची काच. नखाने टिचकी मारली तर आवाज बद्द येतो, आणि गालाला लावली तर ती गार लागत नाही. मिनरल ही खरी काच, टिचकीला टणक वाजते आणि गार लागते. सेको कंपनी ज्याला हार्डलेक्स म्हणते तीही कडक केलेली मिनरलच. तिसरी सफायर, म्हणजे कारखान्यात तयार केलेला नीलमाच्या जातीचा स्फटिक. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवून घड्याळ तिरपं केलं तर थेंब फुटत नाही, मणी होऊन सरकतो. वर लेप दिलेला असेल तर ही खूण फसते, म्हणून एकाच खुणेवर जाऊ नका.

कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर हिरा १०, सफायर ९, मिनरल काच साधारण ५ ते ६ आणि अ‍ॅक्रिलिक ३ च्या आसपास येतं. वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा कठीणपणा ७. बांधकामावर काम करणाऱ्याच्या मिनरल काचेवर चरे का पडतात आणि सफायरवर का नाही, ते या आकड्यांवरून समजतं.

४. ओरखडे पॉलिशने जातात का?

अ‍ॅक्रिलिकवरचे जातात, आणि फार छान जातात. बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) चिकटपट्टी लावून घ्या. मऊ सुती कापडावर पांढरी टूथपेस्ट (जेल नको) किंवा पितळ चकचकीत करायचं पॉलिश घ्या आणि हलक्या हाताने पाच-सात मिनिटं गोल फिरवा. चरा नखाला लागण्याइतका खोल असेल तर आधी २००० नंबरचा पाण्याचा पॉलिशपेपर, मग पॉलिश. पाणी बेताचंच वापरा.

मिनरलवरचे ओरखडे सेरियम ऑक्साइडने घासून कमी करता येतात. पण फार घासलं तर काच खालीवर होते आणि तिच्यातून काटे लाटेसारखे वाकडे दिसतात. मी मिनरल घासत नाही, सरळ बदलतो. सफायरला हिऱ्याची पेस्ट लागते, ते घरचं काम नाही. सफायरवर ओरखडा दिसत असेल तर बहुतेक वेळा तो वरच्या लेपावरचा असतो.

५. काचेवर ओरखडे नाहीत, पण बारीक खरखरीत काळे ठिपके आलेत. हे काय?

जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत किंवा कुठल्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करता का? ग्राइंडरची ठिणगी म्हणजे लोखंडाचा तापलेला कण. तो काचेवर पडला की तिथेच वितळून रुतून बसतो. पॉलिशने तो निघत नाही, निघाला तरी खड्डा राहतो. काच बदलावी लागते. काम करताना घड्याळ खिशात ठेवा, किंवा मनगटावर उलटं बांधा, काच तळहाताच्या बाजूला येईल असं.

६. वडिलांच्या एचएमटी जनताची काच पिवळी पडली आहे. ओरिजिनलच ठेवावी की बदलावी?

बदला, आणि अ‍ॅक्रिलिकचीच बसवा. बंगळुरूत एचएमटीची घड्याळं १९६१ पासून, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बनू लागली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. तरी या मॉडेलांच्या काचा अजून मिळतात, कारण ही घड्याळं गावोगावी अजून चालू आहेत. जनतावर घुमटासारखी काच शोभते. चपटी मिनरल बसवली की घड्याळाचा चेहराच बदलतो.

मागे सेलूच्या एक ताई वडिलांची जनता घेऊन आल्या होत्या. काच इतकी पिवळी की पांढरी डायल चहाच्या रंगाची दिसत होती. ही काच काढायला पंजा नावाचं हत्यार असतं, कोळ्यासारखे गोल पाय असलेलं. मागची मूठ फिरवली की पाय काचेला सगळीकडून सारखं आवळतात, घुमट किंचित फुगतो, काठ आकसतो आणि काच खाचेतून सुटते. नवी काचही तशीच आवळून खाचेत सोडायची. मूठ सैल केली की ती पसरते आणि टक्‌ असा बारीक आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे काच बसली. ताईंनी घड्याळ उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, ‘अण्णांच्या हातात असंच दिसायचं.’

जुनी काच फेकू नका (प्रश्न २० पाहा).

७. काच ऑनलाइन मागवायची आहे. माप कसं घ्यायचं?

घड्याळाच्या केसची (मशीन ज्यात बसतं त्या बाहेरच्या डबीची) रुंदी म्हणजे काचेचं माप, ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. ४० मिमीच्या घड्याळाला ३० मिमीची काच असू शकते.

माप व्हर्नियरने घ्या, शाळेच्या पट्टीने नको. गोल काचा ०.१ मिमीच्या फरकाने मिळतात आणि तेवढ्या फरकानेसुद्धा काच सैल पडते किंवा दाबताना फुटते. जुनी काच अख्खी असेल तर ती काढून तीन जागी मोजा. व्यासाबरोबर काठाची जाडीही घ्या. १, १.२, १.५, २ मिमी या नेहमीच्या जाड्या.

काच फुटून गेली असेल तर केसचं तोंड मोजावं लागतं. मिनरल आणि सफायर बहुधा नायलॉनच्या रिंगमध्ये बसतात. रिंगची भिंत दोन्ही बाजूंना असते, म्हणून ती दोनदा वजा करायची. तोंड ३० मिमी आणि रिंगची भिंत ०.४५ मिमी असेल तर ३० मधून ०.९ गेले, उरले २९.१. मी २९.१ आणि २९.२ दोन्ही जवळ ठेवतो आणि जी घट्ट बसेल ती लावतो. रिंग नेहमी नवीच घ्या.

अ‍ॅक्रिलिकचं गणित वेगळं. पंजाने बसणारी काच खाचेत अडकते, म्हणून ती तोंडापेक्षा थोडी मोठीच लागते. शिवाय जुनी काच वर्षानुवर्षांत आकसलेली असते. तिचं माप तंतोतंत धरलं तर नवी सैल होते. आतून धातूची रिंग असलेली अ‍ॅक्रिलिक काच मात्र पंजाने काढू नका, ती प्रेसनेच (काच दाबून बसवायच्या यंत्रानेच) बसते.

८. काच बदलल्यापासून घड्याळ मधूनमधून थांबतंय. काचेचा आणि थांबण्याचा काय संबंध?

संबंध असू शकतो. शिकत होतो तेव्हा ही चूक माझ्याही हातून झाली आहे. एका मास्तरांच्या घड्याळाची घुमटी काच मिळेना, म्हणून त्याच मापाची चपटी बसवली. घड्याळ सुंदर दिसायला लागलं, पण दोन दिवसांनी मास्तर परत आले. म्हणाले, रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. वडिलांनी घड्याळ डोळ्यासमोर आडवं धरलं, कडेने पाहिलं आणि मला दाखवलं. सेकंद काट्याची मधली टोपी काचेला आतून घासत होती. मास्तरांना मी माफी मागून दुसरी काच बसवून दिली.

तेव्हापासून काच दाबण्याआधी काटे एकावर एक आणून वरची जागा बघतो. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर काचेची उंची तपासायला सांगा. प्रेसखाली जास्त दाब पडून काटे वाकले असतील तरी असंच होतं.

९. मिनरलच्या जागी सफायर बसवता येईल का?

गोल आणि चपटी असेल तर बहुतेक वेळा येते. माप आणि जाडी तीच हवी. पण सफायर कठीण असली तरी ठिसूळ असते. रोजच्या वापराने तिच्यावर चरा पडत नाही, पण फरशीवर कडेने आपटली तर तिचे तुकडे होतात. मिनरलपेक्षा ती महागही पडते. ऑफिसात बसणाऱ्याने जरूर बसवावी. ज्याचं घड्याळ सारखं आपटतं त्याने मिनरलच ठेवावी, असं माझं मत.

१०. तारखेच्या खिडकीवरचं भिंग कशासाठी असतं? आणि कोणाचं मोठं दिसतं, कोणाचं का नाही?

तारीख लहान असते, ती मोठी दिसावी म्हणून. हे भिंग रोलेक्सने १९५० च्या दशकात त्यांच्या डेटजस्ट घड्याळावर आणलं. ग्रीक कथांतल्या एकडोळ्या राक्षसावरून त्याला सायक्लोप्स म्हणतात. रोलेक्सच्या भिंगातून तारीख २.५ पट दिसते. नकली घड्याळात ती बहुधा कमी मोठी दिसते, पण तेवढ्यावरून असली-नकली ठरवू नका.

भिंग खालून सपाट, वरून फुगीर असतं. तारीख किती मोठी आणि किती स्पष्ट दिसेल ते फुगवट्यावर आणि डायलपासूनच्या अंतरावर ठरतं. म्हणून जाड किंवा पातळ काच बसवली की तेच भिंग कमजोर वाटतं. अ‍ॅक्रिलिकमध्ये भिंग काचेबरोबरच साच्यातून निघतं. मिनरल आणि सफायरवर ते वेगळं चिकटवलेलं असतं. काही घड्याळांत ते काचेच्या आतल्या बाजूला असतं, तिथे काच उतरवल्याशिवाय हात पोचत नाही.

११. भिंग गळून पडलं. इन्स्टंट गमने चिकटवू का?

कृपा करून नको. हा गम सुकताना वाफ सोडतो आणि ती पांढऱ्या धुक्यासारखी आजूबाजूला बसते. वरून काच पांढरट होते, आणि वाफ एखाद्या फटीतून आत गेली तर डायलही. शिवाय तो इतक्या झटकन धरतो की भिंग सरळ करायला वेळच मिळत नाही.

भिंगासाठी अतिनील (यूव्ही) प्रकाशाने घट्ट होणारा पारदर्शक गम असतो. प्रकाश पडेपर्यंत तो ओला राहतो, त्यामुळे भिंग सावकाश सरकवून जागेवर आणता येतं. आधी दोन्ही पृष्ठभागांवरचा जुना गम पूर्ण काढा. एक छोटा थेंब पुरतो. भिंग एका कडेने टेकवत खाली सोडा म्हणजे हवेचा बुडबुडा राहत नाही. हे काम उन्हात बसून करू नका. आपल्याकडच्या उन्हात भिंग सरळ होण्याआधीच गम धरतो. घरात लावा, तपासा, मग छोट्या यूव्ही टॉर्चचा उजेड द्या.

भिंग हरवलं असेल तर सुटं मिळतं. पडलेलं सापडलं असेल तर कागदात जपून आणा.

१२. भिंग बसवलं, पण तारीख एका बाजूला सरकलेली दिसते. दोष कशात?

बहुतेक वेळा काच गोल फिरून बसलेली असते. गोल काचेला दिशा नसते, भिंग आलं की दिशा येते. रिंगमध्ये दाबल्यावर काच फिरवायला गेलात तर रिंग पिळते, म्हणून दाबण्याआधीच जुळवायचं.

मी असं करतो. आधी तारीख दोन आकडी लावतो, २८ किंवा २४. एका आकड्यावरून मध्य कळत नाही. मग काच नुसती टेकवून ठेवतो, एक डोळा मिटतो आणि घड्याळाच्या बरोबर वरून पाहतो. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं तर अंदाज चुकतो. दोन आकड्यांच्या बाजूंना पांढरी जागा सारखी दिसली पाहिजे, आणि भिंगाची वरची कड ३ च्या रेषेला समांतर. केसवर आणि काचेवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून त्यावर पेनाने एकच आडवी रेघ मारतो. प्रेसखाली गेल्यावर ती रेघ तुटली नाही म्हणजे काच फिरली नाही.

तारीख बदलताना एक सांभाळा. रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान काटे असतील तर चावीने तारीख झटपट पुढे नेऊ नका. त्या वेळी तारखेचं चाक गुंतलेलं असतं, दात मोडू शकतो. आधी काटे ६ वर आणा.

भिंग सरळ असूनही आकडाच खिडकीत खालीवर दिसत असेल तर दोष तारखेच्या चकतीत आहे, काचेत नाही.

१३. आजोबांना तारीख दिसत नाही. भिंग नसलेल्या घड्याळाला नव्याने लावता येईल का?

चपटी मिनरल किंवा सफायर असेल तर येईल. गम लावण्याआधी सुटं भिंग काचेवर नुसतं ठेवून आजोबांना दाखवा. स्पष्ट दिसलं तरच पुढे जा. वार आणि तारीख शेजारी असेल तर लांबट भिंग लागतं. घुमटी काचेवर ते टेकत नाही. अ‍ॅक्रिलिकवर चिकटवण्यापेक्षा भिंगासकट आलेली अ‍ॅक्रिलिक काच शोधा.

भिंगातूनही आकडा पुसटच दिसत असेल तर आधी आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

१४. मला भिंग नको आहे. काढता येतं का?

मिनरल-सफायरवरचं येतं, काच केसमधून बाहेर काढून. थोडी ऊब देऊन कडेने ब्लेड सरकवतो, उरलेला गम अ‍ॅसिटोनने पुसतो. काचेवर लेप असेल तर तो त्या जागी खराब होऊ शकतो. अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅसिटोन लावूच नका, काच पांढरी पडून चिरते. तिथे भिंगाशिवायची नवी काच घ्या.

१५. काच बदलल्यावर घड्याळ पूर्वीसारखं वॉटरप्रूफ राहतं का?

नवी रिंग नीट बसवली आणि दाबाची चाचणी केली तरच. मागे ३० मीटर किंवा ३ बार लिहिलं आहे म्हणजे पोहायला चालतं असं नाही, ते हात धुण्यापुरतं आणि पावसाच्या शिंतोड्यांपुरतं. चाचणीचं यंत्र नसलेल्या दुकानात काच बदलली असेल तर विहिरीत, नाथसागरात उतरताना घड्याळ काढून ठेवा.

काचेच्या आतून वाफ दिसली तर त्याच दिवशी मागचं झाकण उघडून घ्या. तांदळात पुरून ठेवल्याने आतलं पाणी जात नाही, गंज मात्र सुरू होतो.

१६. माझ्या घड्याळाला मागे उघडायचं झाकणच नाही. मग काच कशी बदलतात?

अशा घड्याळाचं मशीन पुढून, काच काढूनच बाहेर येतं. चावीचा दांडा बहुधा दोन तुकड्यांत असतो, तो आधी सोडवावा लागतो. काही काचा चावीच्या भोकातून हवेचा दाब देऊन उडवतात. उगाच मागे चाकू घालू नका. घड्याळ उघडता येत नाही म्हणून केसची कड खरवडून आणणारे बरेच जण येतात.

१७. चौकोनी किंवा वेगळ्या आकाराची काच मिळते का?

साध्या चौकोनी मिळतात. वेगळा आकार असेल तर मोठ्या काचेतून घासून आकार द्यावा लागतो, त्याला वेळ आणि मजुरी लागते. गल्फहून आणलेल्या राडो घड्याळांबद्दल हे फार विचारलं जातं. राडोने १९६२ मध्येच डायास्टार या मॉडेलवर सफायर वापरली. त्या काचा पैलूंच्या असतात आणि घासून तशा होत नाहीत. त्या मॉडेलचीच काच मागवा. काचेच्या आतून काळी किनार किंवा नाव छापलेलं असेल तरी हेच.

१८. आजोबांच्या जुन्या घड्याळाचे काटे रेडियमचे आहेत. काच उघडल्यावर साफ करू का?

करू नका. आपण अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक काट्याला रेडियम म्हणतो. आजच्या घड्याळांत ते नसतं. पण १९६० च्या आधीच्या घड्याळांत खरंच रेडियम असू शकतं, आणि चमक विझली तरी किरणोत्सर्ग राहतो. तो रंग खरवडला की धूळ होऊन श्वासातून आत जाते. काच तशीच बंद ठेवा आणि दुकानदाराला आधीच सांगा.

१९. नवी अ‍ॅक्रिलिक काच सहा महिन्यांत धुरकट झाली. माल खराब होता का?

आधी सांगा, कापसावर फवारणी करताना घड्याळ हातात होतं का? बऱ्याच फवारणीच्या औषधांत झायलीनसारखी द्रावकं असतात. ती अ‍ॅक्रिलिकला लागली की बारीक केसासारख्या चिरा पडतात आणि काच दुधाळ होते. मनगटावर मारलेल्या सेंटनेही तसंच होतं. चिरा पॉलिशने जात नाहीत.

२०. जुनी काच दुकानदाराकडून परत मागावी का?

हो, मागाच. फुटकी असली तरी. पुढच्या वेळी माप त्यावरून घेता येतं, आणि काच खरंच बदलली याची खात्रीही होते. कागदाच्या पुडीत घालून वर घड्याळाचं नाव, काचेचा व्यास, जाडी आणि तारीख लिहा. सेलूच्या ताईंनी ती पिवळी काच अशीच पुडीत बांधून नेली, वर माझ्याकडून माप लिहून घेऊन.